दाजींचा गियर

दुसऱ्या गियरवर रडत येणारा ट्रक लांबूनच ओळखू येतो. इंजिन जिवाच्या आकांताने ओरडत असतं आणि गाडी मात्र पायी चालणाऱ्याच्या बरोबरीने सरकत असते. त्या सकाळी मी माझ्या शेडमध्ये एका टेम्पोखाली आडवा पडलो होतो. आवाज ऐकला आणि मनात म्हटलं, कुणीतरी नवशिका दिसतोय, इंजिनाचा जीव घेणार आज. आवाज जवळ आला तशी त्यात मागच्या फाळक्याची खडखड ऐकू यायला लागली आणि ती खडखड माझ्या चांगल्याच ओळखीची निघाली. ट्रक माझ्या दाजींचा होता. दाजी तर आयुष्यात कधी गाडी रडवत आणणाऱ्यातले नव्हते.

मी सरपटत बाहेर आलो. केबिनमध्ये भाची एकटीच होती.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. भाची ही त्यांची एकुलती एक मुलगी. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून आम्ही तिला भिंगरी म्हणायला लागलो. आता तिशी उलटली तरी ती भिंगरीच. खरं नाव फक्त लायसन्सवर आहे.

"मामा, बाजूला हो! पहिला सापडत नाही, इथे बंद पडली तर इथेच राहील," ती खिडकीतून ओरडली, आणि ट्रक फाटकातून अर्धा आत आल्यावर गचका खाऊन बंद पडलाच.

"अख्खा रस्ता दुसऱ्यावर आलीस?"

"अख्खा. मागे ही एवढी रांग. एकाने तर पुढे जाताना मला हात जोडले." ती खाली उतरली. हसत होती, पण कपाळावर घाम होता. "मामा, गियर नीट करून दे. बाबा आईबरोबर डोळे तपासायला गेलेत. दुपारपर्यंत येत नाहीत. तेवढ्यात कर."

"त्यांना न विचारता?"

"त्यांना विचारलं तर होईल का ते?"

 दाजींचा गियर हा आमच्या नात्यातला नाजूक विषय होता. दाजी डावखुरे. स्टिअरिंग उजवीकडे, गियर डाव्या हाताशी, त्यामुळे गियर टाकणं म्हणजे त्यांच्या खरोखरच डाव्या हाताचा मळ. जन्मभर त्यांनी काचेचा माल वाहिला. मोठमोठी तावदानं, लाकडी चौकटीत उभी करून, मध्ये भुसा भरून. अशा मालाला रस्त्यावरच्या खड्ड्याइतकीच भीती ड्रायव्हरच्या हाताची असते. गियर हिसक्याने पडला की मागे सगळी काच दात वाजवते. दाजी गियर टाकायचे तेव्हा शेजारी बसलेल्यालाही कळायचं नाही. गाडीचं बाकी सगळं काम माझ्याकडे यायचं, ब्रेक, स्प्रिंगचे पाटे, इंजिन. पण केबिनमधल्या त्या दांड्याला मला हात लावू द्यायचे नाहीत. "मेव्हणे, इंजिन तुमचं, गियर माझा," म्हणायचे. त्याला तेल-ग्रीस करायचं ते स्वतःच.

पुढे त्यांचा एक डोळा गेला आणि दुसराही धुरकट झाला. लायसन्स पुन्हा मिळालं नाही. भिंगरी तोवर दाजी माल न्यायचे त्याच काचेच्या गोदामात पॅकिंगला होती. ती गाडी शिकली, परीक्षा पास झाली आणि बापाच्या जागेवर बसली. दाजी सोबत म्हणून शेजारी बसायला लागले. एवढं मला माहीत होतं. त्या पलीकडचं मला त्या सकाळी कळलं.

"पण तू तर वर्ष झालं गाडी चालवतेस," मी म्हटलं. "आजवर गियर सापडला आणि आज सापडत नाही?"

भिंगरीने चप्पलने मातीत रेघ ओढली. "मी फक्त स्टिअरिंग, क्लच आणि ब्रेक. गियर बाबाच टाकतात."

"म्हणजे?"

"म्हणजे मी क्लच दाबते आणि सांगते, तिसरा. ते शेजारून तिसरा टाकतात. मी सांगते, चौथा. ते चौथा टाकतात. दांडा इतका ढिला झालाय मामा, की मला त्यात काही सापडतच नाही. नुसतं खिचडीत चमचा फिरवल्यासारखं. तिसरा टाकायला जावं तर पहिला पडतो. बाबांना मात्र कुठला गियर कुठे लपलाय ते ठाऊक आहे."

मी कपाळाला हात लावला. ग्रीसचा होता, ते नंतर लक्षात आलं. "एका गाडीला दोन माणसं! आणि पार्ट बदलून का नाही घेतला?"

"बाबा म्हणाले, या जुन्या गाडीचा तो पार्ट आता मिळत नाही."

 मिळत नाही हे खरं होतं, पण असले पार्ट आम्ही मागच्या गल्लीतल्या लेथवाल्याकडून करून घेतो, आणि हे दाजींना माझ्याइतकंच माहीत होतं.

"मग आता काय झालं? वर्षभर चाललं तसं चालू दे."

"चालत नाही ना." तिचा आवाज खाली आला. "बाबांना उजव्या हाताने गियर टाकता येत नाही. शेजारच्या सीटवरून डाव्या हाताने टाकायचा तर पूर्ण माझ्याकडे वळून बसावं लागतं. दिवसभर तसेच बसतात, पिळलेल्या कपड्यासारखे. आता पाठ अशी धरलीय की रात्री कूस बदलायची तर आईला उठवतात. डॉक्टर म्हणाले, हे असं बसणं थांबवलं नाही तर पुढे उभं राहणंसुद्धा कठीण. हे बाबांनी आम्हाला सांगितलंच नाही, आईने डॉक्टरांना गाठून काढून घेतलं. आणि परवा पुलाच्या चढावर..."

"काय झालं चढावर?"

"माल भरलेला होता. मी म्हटलं, दुसरा. त्यांनी हात टाकला आणि पाठीत कळ आली. हात तिथेच सुटला. गियर नाही, काही नाही. गाडी मागे निघाली. मागे एक बाई होती स्कूटरवर, मूल पुढे उभं केलेलं." ती थांबली. "मी ब्रेकवर उभी राहिले मामा. अक्षरशः उभी राहिले. काच फुटली नाही. कुणाला काही झालं नाही. पण मला अजून ती बाई दिसते."

मी पाना उचलला.

"चल चढ वर. मॅट काढ खालची."

केबिनच्या जमिनीवरची रबरी मॅट काढली, दांड्याच्या बुडाचं फाटकं रबर काढलं आणि बोल्ट सोडवायला घेतले. भिंगरी एकेक बोल्ट हातात घेऊन पुसत होती. तिच्या हाताला धीर आहे. काच हाताळलेल्या माणसांचे हात असेच असतात, कुठलीही वस्तू आपटून ठेवत नाहीत.

आता हे समजायला सोपं आहे. गियरच्या दांड्याच्या खालच्या अंगाला लोखंडी गोळा असतो. तो एका वाटीत बसतो, खुब्यात मांडीचं हाड बसतं तसा. लोखंडावर लोखंड घासू नये म्हणून मध्ये नायलॉनची पातळ वाटी असते आणि वरून स्प्रिंग दाबून धरते. गोळा वाटेल तसा फिरू नये म्हणून बाजूने एक आडवी पिन असते. नायलॉन झिजला, पिन झिजली, की दांडा ढिला पडतो. जुन्या गाड्यांचं हे घरोघरचं दुखणं आहे.

दांडा वर उचलला. नायलॉनची वाटी नव्हतीच.

झिजून गेली असेल म्हणून मी बोटाने ग्रीस काढून बघितलं. झिजलेल्या नायलॉनचा भुगा ग्रीसमध्ये राहतो, मळलेल्या मिठासारखा बोटाला लागतो. इथलं ग्रीस लोण्यासारखं स्वच्छ होतं. मग मी पिन काढून उजेडात धरली. झिजलेलं लोखंड गुळगुळीत असतं, चकाकतं. ही पिन निम्मी बारीक झाली होती, पण तिच्यावर ओरखडे होते. कानशीचे. आणि ओरखडे तिरके होते, मी कानस चालवली तर ज्या बाजूला झुकतील त्याच्या उलट बाजूला झुकलेले. डावखुऱ्या माणसाने कानस चालवली की तसे पडतात.

"काय रे मामा? काय झालं?"

"काही नाही. वाटी गेलीय, पिन गेलीय." पिन मी खिशात टाकली. "दांडाच घेऊन जा लेथवाल्याकडे. म्हणावं, मामाने सांगितलंय, गोळ्याच्या मापाची नायलॉनची वाटी आणि या खाचेच्या मापाची पिन. घट्ट पाहिजे, पण अडकायला नको. समोर बसून करून घे, नाहीतर तो गप्पा मारत बसेल."

भिंगरी दांडा खांद्यावर टाकून निघाली, जशी काही कुणाचं डोकंच फोडायला निघाली आहे.

ती वळणाआड जाते न जाते तोच फाटकाशी रिक्षा थांबली. आतून अक्का उतरली आणि तिच्या पाठोपाठ दाजी. डोळ्यांवर काळा चष्मा, एक हात कमरेवर.

"हे घे तुझे दाजी, सांभाळ," अक्का म्हणाली. "डोळ्यांत औषध घातलंय, त्यांना धड दिसत नाही, तरी गाडी कुठेय, गाडी कुठेय म्हणून सगळी गल्ली डोक्यावर घेतली. शेजारची पोरं म्हणाली, ताई ट्रक घेऊन गेली, ट्रक बोंबलत होता. बोंबलत म्हटल्यावर मला कळलं कुठे गेला असेल." तिने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं, म्हणाली, "नीट कर काय ते," आणि त्याच रिक्षाने परत गेली. अक्का मोजकं बोलते, पण "नीट कर" म्हणताना ती ट्रकबद्दल बोलत नव्हती हे मला कळलं.

दाजी चाचपडत ट्रकपाशी गेले. ड्रायव्हरच्या बाजूने चढले, सीटवर बसले आणि सवयीने डावा हात गियरकडे गेला. तिथे भोक होतं. हात हवेत तसाच राहिला, मग हळूहळू खाली जाऊन भोकाच्या कडेवरून फिरला.

"मेव्हणे," ते म्हणाले, "माझ्या गाडीचं पोट कुणी फाडलं?"

"मीच."

"कुणाला विचारून?"

"तुमच्या लेकीला. मालकीण तीच आहे ना आता."

"अहो पण तो पार्ट मिळत नाही!"

"लेथवाल्याकडे टाकलाय करायला."

"त्या गप्पिष्ट माणसाकडे? तो वाटी करायला जाईल आणि पेला करून ठेवेल." नेहमीची थट्टा होती, पण तिला आज जोर नव्हता. पाठीला त्रास होत होता म्हणून ते सीटवर तिरके टेकले होते.

मी दुसऱ्या बाजूने वर चढून त्यांच्या शेजारी बसलो. खिशातून पिन काढली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली.

त्यांना ती दिसण्यासारखी नव्हती. त्यांनी अंगठ्याने चाचपली. एकदा इकडून तिकडे, एकदा तिकडून इकडे. मग मूठ मिटली.

समोरच्या काचेतून माझं शेड दिसत होतं, टांगलेले टायर, भिंतीवरचे पाने. आम्ही दोघं तिकडे तोंड करून बसलो. माझ्या मनात बोलायचं बरंच होतं, पण हे माणूस माझ्याहून मोठं. अक्काचं लग्न झालं तेव्हा मी विजार सावरत पळणारा पोरगा होतो आणि यांनी मला पहिल्यांदा ट्रकच्या स्टिअरिंगवर बसवून हॉर्न वाजवू दिला होता. त्यांना जाब विचारायला माझी जीभ वळेना.

"फार लवकर शिकली हो," शेवटी तेच म्हणाले. "मला वाटलं होतं, पोरगी आहे, चांगले सहा-आठ महिने खाईल. रोज सोबत जावं लागेल, शिकवावं लागेल. पण ती चार दिवसांत माझ्यासारखी गाडी चालवायला लागली. पाचव्या दिवशी मी शेजारी नुसता बसून होतो. गाठोड्यासारखा. ती म्हणाली, बाबा, उद्या ऊन फार आहे, तुम्ही घरी आराम करा. किती प्रेमाने म्हणाली! आणि त्याच रात्री मी पाना घेऊन गाडीत चढलो."

"म्हणून वाटी काढलीत?"

"काढली. नाल्यात फेकली. पिन घरी बसून घासली. तुमची अक्का म्हणाली, काय घासताय? म्हटलं, कडी बसत नाही दाराची." ते थोडं हसले. "दुसऱ्या दिवशी तिला गियर सापडेना. दोनदा खरखर, तीनदा खरखर. रडकुंडीला आली. मग म्हणाली, बाबा, जरा टाका ना हो. अहो मेव्हणे, तिने जन्मात माझ्याकडे काही मागितलं नाही. लहानपणी खाऊसुद्धा मागितला नाही. आणि आता दिवसभर, बाबा दुसरा, बाबा तिसरा. आम्ही बोलतही नव्हतो फार. नुसतं ती सांगायची आणि मी टाकायचो. इतकं गोड वर्ष माझं गेलं नव्हतं."

"आणि पाठ?"

"पाठीचं काय, जुनी झाली की दुखणारच." मग चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले. औषध होतं म्हणा. "पण परवा गाडी मागे निघाली ना, तेव्हा मला ते पोर दिसलं नाही. स्कूटर दिसली नाही. मला कळलंच नाही मागे कोण आहे ते. भिंगरीने नंतर सांगितलं. त्या दिवसापासून मला जेवण जात नाही. माझ्या हौसेपायी तिच्या हातून एक जीव गेला असता. तिच्या हातून, मेव्हणे. दोष तिला लागला असता."

"मग सांगून टाकायचं होतं."

"रोज सांगणार होतो. रोज सकाळी ती गाडीत बसते, क्लच दाबते आणि म्हणते, पहिला. माझा हात आपोआप जातो."

"मी तिला काही बोललो नाही," मी म्हटलं. "झिजली म्हणून सांगितलंय. बोलायचं की नाही, ते तुम्ही बघा."

 पिन दाजींच्या मुठीतच होती.

थोड्या वेळाने भिंगरी आली. खांद्यावर दांडा, हातात कागदात गुंडाळलेली नायलॉनची पांढरी वाटी आणि नवी पिन. केबिनमध्ये बापाला बघून ती फाटकातच थबकली.

"बाबा, ओरडू नका," तिने आधीच सुरू केलं. "तुमची पाठ बघवत नाही मला. तुम्ही काहीही म्हणा, मी गियर दुरुस्त करून घेणार."

"आण इकडे," दाजी म्हणाले.

"काय?"

"दांडा आण. माझ्या गाडीचा गियर मेव्हण्यांना बसवू द्यायचा? ते उलटा बसवतील."

ते सीटवरून खाली गुडघ्यांवर आले. पाठीने कळ मारली तसा दात आवळून श्वास सोडला. दांडा घेऊन दाराच्या पायरीवर चढलेली भिंगरी पुढे झाली तर तिला हातानेच थांबवलं. मग डाव्या हाताने त्यांनी ती नवी वाटी चाचपली, कड तपासली, आत ग्रीसचं बोट फिरवलं आणि गोळ्यावर चढवली. दिसत तर काही नव्हतंच. मी नुसता बोल्ट पुढे करत होतो. गोळा वाटीत बसला तेव्हा हलकेच टक असा आवाज झाला. स्प्रिंग दाबून धरायला माझे दोन हात लागले, आणि त्या दाबात त्यांनी खाच बोटाने शोधून नवी पिन सरकवली. ती घट्ट गेली, पण अडकली नाही. लेथवाल्याने मन लावून काम केलं होतं.

दाजींनी दांडा हलवला. पूर्वी तो वीतभर इकडे आणि वीतभर तिकडे लोळायचा. आता दोन बोटं हलला आणि जागच्या जागी थांबला. पहिला, दुसरा, तिसरा. प्रत्येक गियर आपापल्या घरात.

"वा!" भिंगरी म्हणाली. "बाबा, तुम्ही कमाल आहात. पार्ट मिळत नाही म्हणून वर्षभर उगाच..."

"जुनी वाटी झिजली नव्हती," दाजी म्हणाले. ते अजून गुडघ्यांवरच होते, तिच्याकडे पाठ करून. "मी काढून फेकली होती. तू या गाडीवर बसलीस त्याच आठवड्यात. पिन पण मीच कानसली. ही बघ."

मूठ उघडून त्यांनी हात मागे केला. भिंगरीने पिन घेतली. आधी तिला कळलं नाही. मग कळत गेलं, ते मी तिच्या चेहऱ्यावर पाहिलं. मला वाटलं होतं ती विरघळेल. म्हाताऱ्या बापाचा वेडेपणा म्हणून हसेल, रडेल, गळ्यात पडेल. तसं काही झालं नाही.

"गाडीत काच होती बाबा," ती म्हणाली.  "मागे मूल होतं. मी रात्र-रात्र विचार करतेय की माझंच चुकलं. मलाच गियर येत नाही म्हणून असं झालं. वर्षभर मला वाटतंय की माझ्यातच काहीतरी कमी आहे. सगळ्यांना जमतं ते मला जमत नाही. आणि तुम्ही शेजारी बसून..."

"हो."

"का?"

 दाजींनी मला जे इतकं सांगितलं ते तिला सांगायला त्यांना एक शब्द सापडेना. शेवटी म्हणाले, "घरी करमलं नसतं."

भिंगरी खाली उतरली. नळापाशी जाऊन हात धुवायला लागली. ग्रीस निघालं तरी धूतच राहिली. मी तिच्याजवळ गेलो नाही. कधीकधी माणसाला नळच बरा असतो. मग ती परत आली, ट्रकचं दार उघडलं आणि म्हणाली, "बाबा, उतरा खाली. मी एकटी चालवून बघणार आहे."

दाजी उतरले. एकेक पायरी, माझा खांदा धरून. भिंगरी वर चढली, दार लावलं, गाडी सुरू केली. आम्ही दोघं फाटकाशी उभे. तिने आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ट्रक मागे घेतला, रस्त्यावर वळवला. मग खिडकीतून डोकं बाहेर आलं, चेहरा रागाने लाल झालेला.

"मामा, त्यांना खुर्ची दे! किती वेळ उभं ठेवतोस? पाठ दुखते त्यांची!"

मी पळत जाऊन खुर्ची आणली. दाजी फाटकाच्या खांबाला टेकून खुर्चीत बसले. माझ्या शेडपासून रस्ता आधी सपाट जातो आणि मग मोठा चढ लागतो, वर पाण्याच्या टाकीपर्यंत. ट्रक निघाला.

"दुसरा!" केबिनमधून तिचा आवाज आला. सवयीने ओरडली होती. खुर्चीच्या हातावरचा दाजींचा डावा हात उचलला गेला, आणि मग त्यांनी तो उजव्या हाताने धरून मांडीवर ठेवला. तिकडे क्षणभर थांबून दुसरा पडला. खरखर नाही, हिसका नाही.

तिसऱ्याला आवाज आला नाही. नुसता इंजिनाचा सूर बदलला. दाजी मान तिरकी करून ऐकत होते. दिसत तर त्यांना रस्ताच नव्हता.

"चढ लागला," ते म्हणाले. "आता दुसऱ्यावर आणेल."

आम्ही वाट बघितली. ट्रक चढाला लागलेला मला दिसत होता. सूर जड झाला, पण तिने दुसरा टाकला नाही. तिसऱ्यावरच रेटत राहिली.

"अगं टाक," दाजी पुटपुटले. "टाक दुसरा. बंद पडेल. मेव्हणे, घाबरलीय ती, तिचा हात जात नाहीये." ते खुर्चीतून अर्धे उठले. पाठीने पुन्हा खाली बसवलं. "टाक गं माझे बाई."

ट्रक चढत राहिला. इंजिन दमलं नाही, त्याला धाप लागली नाही. जड सुरात, एका लयीत, टाकीच्या दिशेने वर वर गेला.

दाजी ऐकत राहिले. मग मान हलवली.

"रिकामी आहे ना गाडी," ते म्हणाले. "मी भरलेलीच धरून चाललोय. रिकाम्या गाडीला दुसरा कशाला? बरोबर आहे तिचं." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "बरोबर आहे," आणि खुर्चीला पाठ टेकली.

टाकीला वळसा घालून ट्रक परत आला. भिंगरीने तो फाटकासमोर असा उभा केला की धूळसुद्धा उडाली नाही. डोळे सुजले होते, पण श्वास खाली बसला होता.

"कसा आहे?" मी विचारलं.

"लोण्यासारखा." मग बापाकडे न बघता म्हणाली, "उद्या माल भरायचा आहे. तुम्ही यायचं नाही. पाठ बरी होईपर्यंत गाडीत चढायचं नाही. डॉक्टर हो म्हणतील तेव्हा बघू."

"बरं," दाजी म्हणाले.

"आणि मी तुमच्यावर चिडलेली आहे. खूप दिवस चिडणार आहे."

"चिड ना. चिडायलाच पाहिजे."

"आता घरी सोडते. बसा."

दाजी शेजारच्या बाजूने वर चढले. मी खालून हात दिला. सीटवर बसताच ते तिच्या बाजूला वळायला लागले, वर्षभराची सवय.

"समोर बघा," भिंगरी म्हणाली. "टेका पाठ सीटला. नीट. अजून मागे."

त्यांनी पाठ टेकली. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून घेतले, वर्गात शिक्षा झालेल्या पोरासारखे, आणि समोर बघत सरळ बसले.